जाम बोल्ट आणि खारपाणपट्टा

बोल्ट आवळताना पान्यावर लावलेला बहुतेक जोर घर्षणातच खर्ची पडतो. साधारण निम्मा जोर बोल्टच्या डोक्याखाली जातो, सुमारे ४० टक्के आट्यांमध्ये. उरलेल्या जेमतेम दहा टक्क्यांनी बोल्ट किंचित ताणला जातो आणि इंजिनाचे दोन भाग एकमेकांवर दाबून धरतो. बोल्ट जाम होतो तेव्हा वाढते ते हे घर्षण. त्यामुळे तो सोडवताना आधी आट्यांमधला चिकटा तोडावा लागतो. मनगटातली ताकद नंतरची.

हा चिकटा मुख्यतः गंजाचा. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जास्त जागा व्यापतो. आट्यांमधली फट मिलिमीटरच्या काही शतांशांइतकीच असते. ती भरली की गंज दोन्ही बाजूंना रेटू लागतो आणि बोल्ट अडकतो.

कोकणात हे काम खारी हवा करते. अकोला-अमरावतीकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, आणि अशा कोरड्या हवेत लोखंड सहज गंजत नाही. वऱ्हाडातली अडचण जमिनीखाली आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यात दर्यापूर, अकोट, तेल्हारा, मूर्तिजापूर या भागांत पसरलेल्या खारपाणपट्ट्यात विहिरी-बोअरचे पाणी खारट आहे. त्याच पाण्याने गाडी धुतली की पाणी उडून जाते, मीठ मात्र आट्यांच्या तोंडाशी राहते. पावसाळी हवेतला ओलावा हे मीठ शोषून घेते, तिथे विजेचा सुवाहक असा पातळ थर तयार होतो आणि गंजाला वेग येतो. तेच पाणी रेडिएटरमध्ये गेले तर नुकसान आणखी मोठे. पोलादी बोल्ट, ॲल्युमिनियमचे हेड आणि मध्ये खारे पाणी, एवढ्यावर एक विद्युतघट पुरा होतो. त्यात ॲल्युमिनियम झिजते आणि त्याची पांढरी भुकटी आट्यांमध्ये घट्ट बसते. थर्मोस्टॅटच्या झाकणाचे आणि वॉटर पंपाचे बोल्ट म्हणूनच आधी अडतात. एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या स्टडचे कारण वेगळे: तिथे प्रखर उष्णतेने धातूवर ऑक्साइडची खपली धरते.

अशा बोल्टवर पान्याला पाइप लावून लोंबकळणे हा सर्वांत वाईट उपाय. मध्यम ताकदीच्या, म्हणजे ८.८ ग्रेडच्या, ८ मिमी जाडीच्या बोल्टला आवळायला सुमारे २५ न्यूटन-मीटर पुरतात. एक मीटर पाइपच्या टोकावर २० किलोंचा भार दिला तर सुमारे २०० न्यूटन-मीटर लागू होतात. बोल्ट तुटणारच.

त्याऐवजी आधी तारेच्या ब्रशने आटे साफ करावेत आणि डोक्यावर हातोडीचे सरळ, नेमके ठोके द्यावेत. गंज ठिसूळ असतो. ठोक्याने त्याला तडे जातात. त्या तड्यांतून पातळ तेल केशाकर्षणाने आत शिरते. बऱ्याच गॅरेजांत त्यासाठी डिझेल किंवा रॉकेल वापरतात, आणि पातळपणामुळे ते काही प्रमाणात लागूही पडते. डब्ल्यूडी-४० हे अमेरिकेत १९५३ साली मुळात पाणी हटवण्यासाठी तयार झाले. त्यापेक्षा जाम आट्यांसाठी खास बनवलेले भेदक तेल अधिक उपयोगी. तेल सोडून रात्रभर थांबावे. मग बोल्ट आधी किंचित आवळावा, नंतर सोडवावा, पुन्हा आवळावा, म्हणजे गंजाचा भुगा आट्यांत दाटत नाही.

तेल हरले तर उष्णता. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते. हेड आणि त्यातला १० मिमीचा बोल्ट १५० अंशांनी तापले तर भोक बोल्टपेक्षा सुमारे दीड शतांश मिलिमीटर जास्त मोठे होते, आणि तेवढ्याने अनेकदा काम होते. बिडाच्या ब्लॉकमध्ये हा फरक मिळत नाही. तिथे बोल्टच तापवतात: तो फुगून गंज चिरडतो आणि थंड झाल्यावर आकसून फट सोडतो. मात्र भेदक तेल पेट घेते. ते आधी पुसून काढावे. पेट्रोलच्या नळीजवळ ज्योत नेऊच नये.

डोके गोल होण्याचे कारण बहुधा चुकीचा पाना. फिक्स पाना फक्त दोन बाजू धरतो, बारा कोनी गोटी (सॉकेट) कोपऱ्यांपाशी दाब देते. सहा कोनी गोटी सपाट बाजूंवर बसते, म्हणून जुन्या बोल्टला तीच लावावी. १३ मिमीचे डोके गोल झाले असेल तर अर्ध्या इंचाची, म्हणजे १२.७ मिमीची गोटी ठोकून बसवता येते. तीही फिरली, तर बॅटरी काढून डोक्यावर नवा नट वेल्ड करावा. सर्वांत भरवशाचा उपाय हाच, कारण पकडायला नवे डोके मिळते आणि वेल्डिंगची धग थेट आट्यांपर्यंत पोहोचते. ड्रिल मारून एक्स्ट्रॅक्टर घालणे शेवटचे. एक्स्ट्रॅक्टर कडक पण ठिसूळ असतो. तो आत तुटला तर साधे ड्रिल त्याला कापू शकत नाही आणि काम लेथवाल्याकडे जाते.

निघालेला बोल्ट पुन्हा वापरू नये. नवा बसवताना आट्यांना अँटी-सीझ पेस्ट लावावी आणि घर्षण घटल्यामुळे थोडा कमी आवळावा. खारपाणपट्ट्यातल्या गाडीमालकांनी तर रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी कधीही घालू नये. कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्येच मिसळावे.