काट्यांच्या मुलखात सोळा ग्रॅम वायू

करमाळा तालुक्यातले जेऊर हे पुणे–सोलापूर लोहमार्गावरचे स्टेशन. करमाळा शहराला रेल्वे नाही, त्यामुळे तिकडे जाणारी माणसे इथेच उतरतात. अहिल्यानगरहून करमाळामार्गे टेंभुर्णीला जाणारा रस्ताही याच भागातला. त्र्यंबकेश्वरहून निघालेली संत निवृत्तिनाथांची पालखी जेऊर, कंदर करत पंढरपूर गाठते. अलीकडे आषाढीच्या आधी सायकलवरून पंढरीला जाणारेही वाढले आहेत. नाशिक सायकलिस्ट फाउंडेशनची सायकल वारी अहिल्यानगरमार्गेच येते.

उजनी धरणाच्या पाण्यावर इथे ऊस आणि केळी उभी राहिली, तरी माळ अजून काटेरीच आहे. बाभूळ, वेडी बाभूळ, बोर यांच्या फांद्या कुंपणाला लावतात आणि त्यातले काटे रस्त्यावर येतात. पावसाळा सरला की सराटा वाळतो. त्याचे फळ फुटून कडेच्या मातीत पसरते आणि कसेही पडले तरी एक काटा वर रोखलेलाच राहतो. मोठ्या रस्त्यावर ट्रकच्या फुटलेल्या टायरमधल्या केसासारख्या तारा असतात, त्या वेगळ्याच. अशा रस्त्यावर सायकलच्या पिशवीत काय ठेवावे, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

शहरातून येणाऱ्या अनेक सायकलस्वारांच्या पिशवीत हल्ली बोटभर लांबीची पोलादी नळकांडी दिसतात. त्यांत कार्बन डायऑक्साइड भरलेला असतो, सोड्याच्या बाटलीतला तोच वायू. २० अंश तापमानाला तो आत द्रवरूपात असतो आणि त्याचा दाब हवेच्या दाबाच्या सुमारे ५७ पट असतो. नळकांडे छोट्या पितळी किंवा ॲल्युमिनियमच्या तोटीवर पिळून बसवले की आतली सुई त्याचे तोंड फोडते. तोटी ट्यूबच्या व्हॉल्व्हवर धरली की काही सेकंदांत चाक टणक होते. हातपंपाने तेवढ्यासाठी शेकडो वेळा दट्ट्या मारावा लागतो.

हे शक्य होते ते साध्या हिशेबाने. अशा नळकांड्यातला १६ ग्रॅम वायू मोकळा झाला की जवळजवळ ९ लिटर जागा व्यापतो. शर्यतीच्या सायकलच्या २५ मिलिमीटर रुंद टायरमध्ये जेमतेम १ लिटर मावते, म्हणून त्यात १०० पौंडांच्या वर दाब सहज चढतो. डोंगरी सायकलच्या २९ इंची जाड टायरला मात्र तेवढा वायू २५ पौंडांच्या आसपासच नेतो. आणि जेऊरच्या बाजारात आजही दिसणारी २८ इंची काळी सायकल? तिच्या चाकात अडीच लिटरच्या वर जागा असते, म्हणजे दाब ४० ते ५० पौंडांच्या दरम्यान येईल, तिला पुरेसा. अडचण व्हॉल्व्हची आहे. बहुतेक तोट्या मोटारसायकलसारख्या श्रेडर किंवा बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हसाठी बनवलेल्या असतात. जुन्या सायकलच्या रबरी नळीच्या व्हॉल्व्हवर आपली तोटी बसते का, हे घरीच पाहून ठेवावे.

नळकांड्याचे खरे मोल वेळेशी बांधलेल्या माणसाला कळते. ब्रेव्हेत ही लांब पल्ल्याची सायकलफेरी महाराष्ट्रात आता चांगली रुजली आहे. तिच्यात २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास, ३०० साठी २० तास, ६०० साठी ४० तास मिळतात आणि दोन तपासणी नाक्यांच्या मधे सोबतच्या गाडीची मदत चालत नाही. पहाटे तीनला, हात थकलेले असताना वाचलेली दहा मिनिटे तिथे मोठी असतात.

पण नळकांडे एकदा फोडले की संपले, आणि काटेरी मुलखात नेमके हेच महागात पडते. टायरमध्ये अडकलेला काटा शोधला नाही तर नवी ट्यूबही दोन फर्लांगांवर बसते आणि वायू वाया जातो. म्हणून आधी टायरच्या आतून फडके फिरवावे. उघड्या बोटाने चाचपले तर तारेचे टोक बोटात शिरते. मग ट्यूबमध्ये थोडी हवा भरून ती रिमखाली चिमटली नाही ना, हे दोन्ही बाजूंनी पाहावे. त्यानंतरच वायू सोडावा. सोडताना नळकांडे इतके गार पडते की त्यावर बर्फाची पांढरी बुरशी धरते आणि कातडी चिकटून भाजल्यासारखी जखम होते. रबरी वेष्टण किंवा हातमोजा हवाच.

सोलापूरच्या उन्हाळ्याची काळजी आणखी वेगळी. ३१ अंशांच्या वर हा वायू द्रवरूपात राहूच शकत नाही आणि बंद नळकांड्यातला दाब तापमानाबरोबर झपाट्याने चढतो. साधारण ५० अंशांच्या खाली ते ठेवावे, असे उत्पादक सांगतात. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा उन्हात उभ्या मोटारीच्या आतले तापमान हा आकडा सहज पार करते. नळकांडी तिथे मुळीच ठेवू नयेत.

भरलेले चाक दुसऱ्या दिवशी मऊ झाले तर पुन्हा पंक्चर झाले असे समजू नये. कार्बन डायऑक्साइड रबरात विरघळतो आणि साध्या हवेपेक्षा कितीतरी लवकर ट्यूबच्या भिंतीतून निसटतो. मुक्कामाला पोहोचल्यावर तो सोडून द्यावा आणि पंक्चरच्या दुकानातल्या कंप्रेसरची साधी हवा भरावी. टायरमध्ये छिद्र बुजवणारे पातळ द्रव्य असेल तर बाटलीवरची सूचना आधी वाचावी. काही द्रव्यांच्या या थंड वायूने गोठून गुठळ्या होतात.

या भागातून जाणाऱ्याने एक-दोन नळकांडी जरूर घ्यावीत, पण हातपंप घरी ठेवून नव्हे. पंपाला दम लागतो, पण तो दहाव्या पंक्चरलाही तितकाच कामाचा असतो. ठिगळे, दोन सुट्या ट्यूब आणि फडके ही बाकीची शिदोरी. रिकामी नळकांडी बांधावर टाकली तर गुरांच्या पायात आणि नांगरात येतात. ती परत पिशवीत घालावीत आणि पूर्ण रिकामी असल्याची खात्री करून भंगारवाल्याला द्यावीत.