वकिलाविना ग्रीन कार्ड

लेकीचे लग्न अमेरिकन नागरिकाशी झाले की घरात पहिला प्रश्न येतो, वकील लावायचा का? कायद्याची तशी सक्ती नाही. पूर्वी व्हिसाची मुदत संपूनही राहणे झाले असेल किंवा पोलिसांत नोंद असेल, तर वकिलाची फी वाचवू नये. प्रकरण सरळ असेल तर जावई स्वतःच ‘आय-१३०’ हा अर्ज भरू शकतो. पुढे त्याच्या मिळकतीचे हमीपत्र ‘आय-८६४’ आणि शेवटी मुंबईच्या वकिलातीत लेकीची मुलाखत.

खरी डोकेदुखी नावाची! आपल्याकडे लग्नानंतर आडनावच काय, वडिलांच्या जागी नवऱ्याचे नाव येते. क्वचित पहिले नावही बदलते. जन्मदाखल्यावर एक, पासपोर्टवर दुसरे. ही एकच व्यक्ती, हे लग्नाच्या नोंदणी-प्रमाणपत्रासारख्या कागदांनी दाखवावे लागते. मराठी दाखल्यांना इंग्रजी भाषांतर जोडायचे, भाषांतर अचूक असल्याचे भाषांतरकाराने सहीनिशी लिहून द्यायचे.

लग्नाला दोन वर्षे होण्याआधी ती तिथे पोचली, तर कार्डही दोनच वर्षांचे मिळते. ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून ‘आय-७५१’ भरायचा. संसाराच्या गडबडीत हीच तारीख हुकते, आणि कायम रहिवासाचा हक्कच धोक्यात येतो. तेव्हा कार्ड हाती पडताच ती लिहून ठेवा, दोघांच्याही डायरीत.