वाटी, पायली आणि किलो

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या कर्जत मार्गावरील तिन्ही शहरांत धान्य दुकानातून किलोने येते आणि स्वयंपाकघरात वाटीने खर्च होते. आकारमानाचे माप वजनात आणताना जो घोळ होतो त्याचे मूळ बहुधा एकच असते, आणि ते म्हणजे एक वाटी म्हणजे अमुक ग्रॅम हे समीकरण सर्व धान्यांना सारखेच लागू पडते ही समजूत.

बदलापूरभोवतीच्या गावांत भात हे मुख्य पीक असून, भात मोजण्याची जुनी रीत आकारमानाचीच होती. निळवे, कोळवे, चिपटे, मापटे, शेर, अधोली आणि पायली या चढत्या मापांत प्रत्येक माप आधीच्याच्या दुप्पट असते, म्हणजे पायलीत चार शेर मावतात. बारा पायल्यांचा मण आणि वीस मणांची खंडी. पायलीचा आकार मात्र गावोगाव बदलत असे. शेर हे वजनाचेही माप होते आणि 80 तोळ्यांचा तो शेर सुमारे 933 ग्रॅम भरे, त्यामुळे एकाच नावाची दोन मापे शेजारी नांदत होती. 1956 च्या कायद्याने मेट्रिक पद्धत आली, तरी मापाने मोजण्याची सवय घरात टिकून राहिली. भरडाईच्या हिशोबात या दोन पद्धतींतला फरक सर्वांत स्पष्ट दिसतो. शासकीय भरडाईत 100 किलो भातामागे 67 किलो तांदूळ धरला जातो, म्हणजे वजनाने दोन तृतीयांश उतारा. परंतु टरफलामुळे भात हलके व पोकळ भरते आणि तांदूळ घट्ट बसतो, म्हणून मापाने पाहिल्यास पायलीभर भाताचा तांदूळ साधारण अर्धी पायलीच निघतो. दोन्ही आकडे खरे आहेत, फक्त त्यांची सरमिसळ करता येत नाही.

या फरकाला कारण असलेल्या गुणाला स्थूल घनता म्हणतात. दाण्यांमधील हवेच्या पोकळीसह ठरावीक आकारमानात मावणारे वजन, असा तिचा अर्थ. 150 मिलिलिटरच्या सपाट भरलेल्या वाटीत तांदूळ किंवा हरभरा डाळ सुमारे 120 ग्रॅम, रवा 105 ग्रॅम आणि मैदा जेमतेम 80 ग्रॅम मावतो. उल्हासनगरच्या सिंधी घरांतील दाल-पकवानात हरभरा डाळ आणि मैदा एकाच ताटात येतात, पण एक वाटी डाळीचे वजन एक वाटी मैद्याच्या दीडपट असते. पीठ चाळून हलके भरले की दाबून भरले, यानेही वजन पाव हिश्शापर्यंत बदलू शकते. शीग, म्हणजे मापाच्या काठावर चढणारा धान्याचा ढीग, पसरट वाटीवर अधिक चढते, म्हणून शिगेचे माप रूपांतराला निरुपयोगी ठरते.

थालीपिठाच्या भाजणीत ही बाब चवीपर्यंत पोहोचते. तांदूळ, ज्वारी, बाजरी आणि डाळी यांची स्थूल घनता जवळपास सारखी असल्याने त्यांचे वाटीतले प्रमाण वजनातही फारसे बिघडत नाही. धणे मात्र पोकळ असतात आणि त्यांची वाटी तांदळाच्या वाटीच्या निम्म्याहूनही हलकी भरते. दोन वाट्या तांदळाला अर्धी वाटी धणे हे प्रमाण वजनात चारास एक असे वाचले, तर 240 ग्रॅम तांदळात 25 ग्रॅमऐवजी 60 ग्रॅम धणे पडतात आणि भाजणीत धण्यांखेरीज दुसरी चव उरत नाही. गिरणीत दळण किलोने होते, त्यामुळे मोठ्या प्रमाणावर भाजणी करताना ही चूक सहज घडते.

कमलाबाई ओगले यांच्या 1970 सालच्या ‘रुचिरा’ने वाटी-चमच्याचे प्रमाण घरोघरी रुजवले, आणि एका कुटुंबाच्या स्वयंपाकाला ते आजही पुरेसे आहे, कारण तिथे वाटी एकच असते आणि महत्त्व गुणोत्तराला असते. जपानी पद्धतीच्या तांदूळ-कुकरसोबत येणारा 180 मिलिलिटरचा, सुमारे 150 ग्रॅम तांदळाचा पेलाही याच तत्त्वावर चालतो. वजन हवे असेल तेव्हा घरची वाटी आधी पाण्याने भरून तोलावी, कारण पाण्याचे जितके ग्रॅम तितके मिलिलिटर. नंतर प्रत्येक जिन्नस सपाट भरून, रिकाम्या वाटीचे वजन वजा करून, निराळा नोंदवावा. पाकिटावर निव्वळ वजन छापणे कायद्याने आवश्यक असल्याने भाजणी आणि पिठे विकणाऱ्या बचत गटांनी तरी आपल्या पाककृती वाटीत न ठेवता ग्रॅममध्येच लिहून ठेवाव्यात.