नोंद उसाची आणि नोंद मुलांची



कोणत्या गटात किती गुंठे ऊस, लागण की खोडवा, ८६०३२ की दुसरी जात, पाणी विहिरीचं की लिफ्टचं, हे सगळं आपल्या शेतकी खात्याकडे लिहिलेलं असतं. एखादा प्लॉट नोंदायचा राहिला तर सभासद स्लिपबॉयला भर रस्त्यात गाठून जाब विचारतो, आणि ते बरोबरच आहे. पण त्याच घरात दहा वर्षांचं एखादं मूल चालता येत नाही, ऐकू येत नाही म्हणून शाळेत जात नसेल, तर त्याची नोंद कुठं असते? कित्येकदा कुठंच नसते. ती होऊ नये अशी काही घरांची इच्छाही असते. थोरलीचं लग्न अडेल, पाहुणे नावं ठेवतील, ही धास्ती. त्या आईबापांना आम्ही दोष देत नाही. नावं ठेवणारे पाहुणे म्हणजे आपणच ना!

असं मूल पाहिलं की आपण चटकन म्हणतो, ‘त्यांच्या वेगळ्या शाळा असतात, तिकडं घाला.’ काही मुलांना विशेष शाळाच सोयीची, हे खरं. पण पुष्कळ मुलं गावच्या शाळेत, शेजारच्या पोरांबरोबर शिकू शकतात. हा विचार कालचा नाही. केंद्र सरकारची अपंग एकात्म शिक्षण योजना १९७४ सालची. पुढं १९९५ चा कायदा झाला, आणि २०१६ च्या कायद्यानं अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस केले. ४० टक्के वा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क या कायद्यानं दिला. दरम्यान ‘अपंग’ जाऊन सरकारी कागदावर ‘दिव्यांग’ शब्द आला. शब्द बदलला, शाळेची पायरी मात्र तेवढीच उंच राहिली.

कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचं नाव आपल्या भागात बहुतेकांना ठाऊक आहे. ऐन तारुण्यात कमरेखालचं शरीर लुळं पडलं. तरी त्या शिकल्या, केंद्रीय अबकारी खात्यात नोकरी केली आणि १९८४ साली ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. त्यांचं ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मचरित्र गावच्या वाचनालयात असेल तर जरूर वाचावं. मात्र प्रत्येक गावात एक नसीमाताई निघेल, अशी वाट बघत बसणं बरं नव्हे.

आता अडतं कुठं ते बघू. कार्यक्षेत्रातल्या काही शाळा आम्ही हिंडून पाहिल्या. व्हीलचेअरसाठी उतार, म्हणजे रॅम्प, बऱ्याच ठिकाणी आहे. पण तो असा खडा, की तोडणीवाल्याची ट्रकला लावलेली फळीच बघावी! मोळी डोक्यावर घेऊन त्या फळीवरून चढणारा गडी निराळा आणि हातानं चाक ढकलत वर येणारं पोर निराळं. हिशोब सोपा आहे: एक फूट उंचीला बारा फूट लांबी. एका ठिकाणी उतार झकास होता आणि त्याच्या तोंडाशीच सरपण रचलेलं! संडासाची गोष्ट त्याहून अवघड. दार अरुंद, आत धरायला दांडी नाही. एका वस्तीवरची माउली आम्हाला म्हणाली, “पोरगी हुशार हाय ओ, पण दुपारच्याला तिला उचलून कोण न्यायचं? म्हणून सकाळपासनं पाणीच पीत न्हाई ती.” पोरगी सातवीत आहे. आई मजुरी बुडवून मधल्या सुट्टीत शाळेत जाते. ज्या दिवशी आईला जमत नाही, त्या दिवशी पोरगी घरी.

इथं कायदा काय करणार? शेजारच्या दोघी-तिघी बायकांनी वार वाटून घेतले तर त्या माउलीचा खाडा वाचेल.

वर्गातल्या गोष्टी तर बिनपैशाच्या आहेत. कमी दिसणारं मूल पुढच्या बाकावर बसवायचं. ऐकू कमी येणाऱ्या मुलाला गुरुजींचे ओठ दिसले पाहिजेत. फळ्याकडं तोंड करून शिकवलं की त्याचा तास गेला. बोर्डाच्या परीक्षेत गरजेप्रमाणे लेखनिक मिळतो, आणि तासाला वीस मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांच्या पेपरला पुरा एक तास. पण त्यासाठी प्रमाणपत्र लागतं, अर्ज मुदतीत लागतो. दहावीच्या तोंडावर धावाधाव करण्यात अर्थ नाही.

लहान बाळांच्या बाबतीत तर अजिबात थांबू नये. हाक मारल्यावर मूल वळत नसेल तर ‘बाप बी उशिराच बोलाय लागलावता’ म्हणून गप्प बसायचं नाही. कानाचं यंत्र जितकं लवकर लागेल तितकी बोली सुधारते. चार-पाच वर्षं वाया गेली तर ती भरून काढणं फार जड जातं. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत तपासणीला येतात. त्या दिवशी मूल मामाच्या गावाला पाठवू नका.

पैशाचं म्हणाल, तर ग्रामपंचायतीनं स्वउत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्चायचे आहेत. पुढच्या ग्रामसभेत त्याचा हिशोब मागा. उसाच्या बिलावर आपण आवाज चढवतोच, यावरही एकदा चढवावा.

गट ऑफिसात यापुढं एक वही ठेवावी, असं आम्ही संचालक मंडळाला सुचवलं आहे. शाळेबाहेर राहिलेल्या मुलाचं नाव सभासदांनी तिथं द्यावं. मूल तोडणीवाल्याच्या खोपीतलं असलं तरी द्यावं. आपल्या हायस्कूलच्या पायऱ्या आम्ही टेप लावून मोजल्या. उंची भरली पावणेदोन फूट, म्हणजे उतार एकवीस फुटांचा हवा. पुढचं अंगण चाळीस फूट आहे.