मुखदुर्गंधी : शब्द, कारण आणि उपाय

अमरावती-अकोल्याकडील वऱ्हाडी बोलीत ‘फुलाले वास येते’ आणि ‘मले वास येते’ ही दोन्ही वाक्ये सहज बोलली जातात. पहिल्या वाक्यात ‘ले’ हा प्रत्यय ज्यातून गंध निघतो त्यास लागला आहे. दुसऱ्यात, ज्याला तो जाणवतो त्यास. प्रमाण मराठीतील ‘ला’ प्रत्ययाचीही हीच स्थिती आहे. गंधाचे उगमस्थान आणि गंधाचा अनुभव घेणारा या दोहोंना भाषेने एकाच विभक्तीत बसविले आहे. मुखदुर्गंधीच्या बाबतीत मात्र निसर्गाने त्यांची फारकत केली आहे. ज्याच्या तोंडाला वास येतो, त्याला स्वतःला तो बहुधा येत नाही. कारण सतत सान्निध्यात असलेल्या गंधाला घ्राणेंद्रिय सरावते. म्हणजे या विकाराचे ज्ञान रोग्यास दुसऱ्याच्या सांगण्यावरूनच व्हावयाचे, आणि सांगणे तर अवघड!

ते अवघड का, याचे एक उत्तर शब्दांत आहे. मराठीतील ‘घाण’ हा शब्द संस्कृत ‘घ्राण’ या शब्दापासून आला. मुळात त्याचा अर्थ नाक किंवा वास घेणे एवढाच; मराठीत तो प्रथम दुर्गंध आणि पुढे मळ, अस्वच्छता या अर्थांस पोचला. त्यामुळे ‘तोंडाची घाण येते’ हे वाक्य लक्षण न सांगता आरोप करते. या आरोपाला परंपरेचाही आधार आहे. मनुस्मृतीच्या ११ व्या अध्यायात, चहाडी करणाऱ्यास त्या पापाचे चिन्ह म्हणून पूतिवक्त्रता, म्हणजे तोंडाची दुर्गंधी, प्राप्त होते असे सांगितले आहे. विकारास पापाचे फळ मानले, की रोगी तोंड झाकतो आणि आप्त गप्प बसतात.

वस्तुतः कारणे अगदी ऐहिक आहेत. ‘पोट साफ नाही’ हे आपले नेहमीचे निदान बहुतेक वेळा चुकते; सुमारे ८० ते ९० टक्के प्रसंगी उगम तोंडातच असतो. जिभेचा मागील भाग खडबडीत असतो. तेथे आणि हिरड्यांच्या कडेला अन्नाचे कण, मृत पेशी व लाळेतील प्रथिने साचतात. प्राणवायूवाचून जगणारे सूक्ष्मजंतू त्यांचे विघटन करतात आणि हायड्रोजन सल्फाइड, मिथाइल मर्कॅप्टन यांसारखी गंधकयुक्त वायुरूप द्रव्ये बाहेर पडतात. लाळ हे सर्व धुऊन नेते. झोपेत ती कमी स्रवते, म्हणून सकाळी प्रत्येकाच्याच तोंडाला थोडाफार वास असतो. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात पाणी कमी प्यायले, एकादशीचा निर्जळ उपवास केला, किंवा तोंड कोरडे पाडणारी औषधे चालू असली, तर तोच वास दिवसाही राहतो.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील ५ व्या अध्यायात जिभेच्या मुळाशी साचणारा मळ दुर्गंधीस कारण होतो असे सांगून जीभ खरवडण्याचा उपदेश केला आहे, आणि त्यासाठी सोने, रुपे, तांबे अशा धातूंच्या वक्र, बोथट पट्ट्या सुचविल्या आहेत. सूक्ष्मजंतूंची कल्पना नसतानाही निरीक्षण अचूक होते. मनुस्मृतीने ज्या लक्षणास पापाशी जोडले, त्याचे कारण चरकाने जिभेच्या मुळाशी शोधले, हा भेद ध्यानात घेण्याजोगा आहे.

अन्य कारणांचाही विचार अवश्य आहे. लसणातील काही द्रव्ये रक्तातून फुप्फुसांत जातात. म्हणून ठेच्याचा वास केवळ दात घासून जात नाही, तो काही तासांनी आपोआप ओसरतो. खर्रा, तंबाखू आणि मिश्री यांचा स्वतःचा वास असतोच, शिवाय त्यांनी हिरड्याही बिघडतात; तंबाखूने मुखकर्करोगाचा धोका संभवतो तो निराळाच. टॉन्सिलमधील खडे व नाकाच्या पोकळ्यांचा दाह हीही कारणे होत. अनियंत्रित मधुमेहात श्वासास पिकलेल्या फळासारखा, तर मूत्रपिंडाच्या विकारात अमोनियासारखा वास येऊ शकतो. अशा वेळी विलंब न लावता वैद्यकीय तपासणी करावी.

उपाय साधे आहेत. दिवसातून दोनदा दात घासावे, दातांच्या फटी दोऱ्याने स्वच्छ कराव्या, जीभ मागून पुढे हलक्या हाताने खरवडावी, पाणी पुरेसे प्यावे. कवळी रात्री काढून धुऊन ठेवावी. लवंग वा बडीशेप वास झाकते. कारण दूर करीत नाही. हिरड्यांतून रक्त येत असल्यास दंतवैद्याकडून दात साफ करून घेण्यावाचून गत्यंतर नाही. अमरावतीस दंत महाविद्यालय व अकोल्यास शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असल्याने ही तपासणी आपल्या प्रदेशात दुर्लभ नाही.

याच्या उलट टोकाचाही एक त्रास आहे : वास नसताना तो आहे अशी खात्री वाटणे. ‘हॅलिटोसिस’ या शब्दाचा इतिहास येथे उद्बोधक आहे. श्वासवाचक लॅटिन शब्दास ग्रीक प्रत्यय जोडून बनलेली ही वैद्यकीय संज्ञा, १९२० नंतरच्या दशकात अमेरिकेत लिस्टरिन या द्रवाच्या जाहिरातींनी घरोघरी पोचविली, आणि तिच्याबरोबर समाजात नाकारले जाण्याचे भयही पोचविले. या भयाने ग्रस्त मनुष्यास खरे काय ते सांगणारा जवळचा माणूसच हवा असतो.

सारांश, मौनाने कोणाचेच हित होत नाही. ‘घाण’ हा शब्द टाळून, एकांतात, ‘भाऊ, तोंडाले वास येऊन राह्यला, दाताच्या डॉक्टरले दाखव’ एवढे सांगता येते. यात आरोप नाही. जे त्याचे त्याला जाणवू शकत नाही, ते त्याच्या वतीने जाणून त्यास कळविणे एवढेच आहे.