पिकअपचं इंजिन गेलं, तर काय करावं?



चुडावा, पूर्णा या पट्ट्यात आता पिकअप ही चैनीची वस्तू राहिलेली नाही, ती शेतीचंच एक औत झाली आहे. हळद वसमतच्या बाजारात न्यायची, भाजीपाला पहाटे नांदेडला पोचवायचा, खत-बियाणं पूर्णेहून आणायचं, सगळं तिच्यावरच. बहुतेकांच्या दारात गाडी आहे ती जुनी, दुसऱ्या-तिसऱ्या हातची. आणि ऐन हंगामात एक दिवस मिस्त्री सांगतो, “मालक, इंजिन गेलं.”

अशा वेळी घाई होते. कोणी गाडी भंगाराच्या भावात देऊन मोकळा होतो, कोणी सावकाराकडून पैसे उचलून मिळेल ते इंजिन चढवतो. चार महिन्यांनी तेही बसतं आणि कर्ज तेवढं राहतं. हे टाळता येतं. त्यासाठी तीन गोष्टी ठरवून घ्याव्यात: इंजिन खरंच गेलं का, कशानं गेलं, आणि त्यावर किती पैसा घालावा.

आधी खात्री करा

गाडी बंद पडली म्हणजे इंजिन गेलंच असं नाही. इंजिन फिरतच नसेल तर आधी बॅटरी आणि स्टार्टर पाहावा. मग पट्टा सैल करून, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, क्रँकच्या पुढच्या बोल्टला पाना लावून इंजिन हातानं फिरवून पाहावं. पट्टा काढल्यावर इंजिन मोकळं फिरलं, तर दोष अल्टरनेटरचा किंवा वॉटर पंपाचा असू शकतो. इंजिन जाम असेल तर टोचन लावून, गिअरमध्ये टाकून चालू करण्याचा प्रयत्न मुळीच करू नये. सिलिंडरमध्ये पाणी साठलेलं असलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि थोडक्यात भागणारं काम मोठं होतं.

इंजिन चालू होत असेल तर धूर पाहावा. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त, हवा कमी. एअर फिल्टर, नोझल, पंप किंवा टर्बो तपासावा, इंजिन उघडायची घाई नको. निळा धूर म्हणजे ऑईल जळतं आहे. पांढरा धूर गरम इंजिनातूनही निघत राहिला आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल, तर पाणी सिलिंडरमध्ये शिरतं आहे. असं बहुधा हेडची पॅकिंग जळाल्यानं किंवा हेडला चीर गेल्यानं होतं. ऑईलच्या झाकणाखाली दुधासारखा फेस दिसला तर ऑईलमध्ये पाणी मिसळतं आहे, असा संशय धरावा.

चालू इंजिनावर ऑईलचं झाकण उघडून पाहावं. फस्‌फस्‌ धूर बाहेर येत असेल तर रिंगा आणि बोअर झिजले आहेत. खालून जड “ठक्‌ ठक्‌” आवाज येतो आणि ऑईलचा लाल दिवा विझत नाही, तर बेअरिंग गेलं आहे. त्या क्षणी इंजिन बंद करावं. अशा अवस्थेत दोन किलोमीटर गाडी रेटली, तरी क्रँक खराब होऊन काम दुप्पट होतं.

शेवटी प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन मापून घ्यावं. डिझेल इंजिनात ते साधारण ३०० ते ४०० पौंडांच्या आसपास असतं. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात पाहावा. एकच सिलिंडर कमी दाखवत असेल तर दोष व्हॉल्व्हचा किंवा पॅकिंगचाही असतो. सगळेच खाली गेले असतील, तर इंजिन झिजलं आहे. मापलेले आकडे कागदावर लिहून मागावेत.

खर्चाची मर्यादा कशी काढावी?

आपली गाडी धावती असती तर आज बाजारात किती आली असती, आणि बंद अवस्थेत किती येते, हे दोन-तीन ठिकाणी विचारावं. या दोन्हींतला फरक ही आपली मर्यादा. समजा, धावती गाडी २ लाख ४० हजारांना आणि बंद गाडी ९० हजारांना जाते. फरक दीड लाखाचा. त्यातून टोचन, रेडिएटर, क्लच, ऑईल आणि कागदपत्रांसाठी ३० हजार बाजूला काढले, तर इंजिनासाठी १ लाख २० हजार उरतात. (हे आकडे हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत. आपले आकडे आपण घालावेत.) टायर, गिअरबॉक्स किंवा हौदा यांचं कामही लवकरच निघणार असेल, तर तोही खर्च यातूनच वजा करावा. बाकी शून्याकडे गेली, तर गाडीचा मोह सोडलेला बरा.

गाडीचं वयही पाहावं. मालवाहू गाडीचं पासिंग आठ वर्षांपर्यंत दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी करावं लागतं. पंधरा वर्षांपुढे फीदेखील बरीच वाढते. चौदा वर्षांच्या गाडीवर मोठा खर्च करण्याआधी हे ध्यानात घ्यावं.

चार वाटा

१) अर्धं काम. ब्लॉक आणि क्रँक चांगले असतील तर हेड उतरवून घासून घेणं, व्हॉल्व्ह बसवणं, नव्या रिंगा, बेअरिंग आणि पॅकिंग घालणं. सगळ्यात कमी खर्चाची वाट. पण बोअर अंडाकृती झाला असेल तर नुसत्या रिंगा घालून उपयोग नाही. थोड्याच दिवसांत धूर पुन्हा सुरू होतो.

२) पूर्ण काम. बोअर करून मोठ्या मापाचे पिस्टन किंवा नवे लाइनर, आणि क्रँक घासून त्या मापाची बेअरिंग. क्रँक दहा, वीस, तीस थाऊ अशा पायऱ्यांनी घासतात. आधीच शेवटच्या मापाला घासलेला क्रँक पुन्हा घासता येत नाही. म्हणून क्रँकचं माप कळल्याशिवाय या कामाचा सौदा ठरवू नये. बोअरिंग आणि क्रँक ग्राइंडिंगचं काम मापं लिहून देणाऱ्या वर्कशॉपकडेच द्यावं. इंजिन आपलंच राहतं, नंबर बदलत नाही, हा या वाटेचा मोठा फायदा.

३) कंपनीकडून दुरुस्त करून मिळणारं इंजिन. टाटा मोटर्स ‘प्रोलाइफ’ या नावानं असे भाग देते. आपलं जुनं इंजिन जमा करून दुरुस्त केलेलं घ्यायचं. जुन्या बाजारापेक्षा महाग, पण हमी आणि बिल मिळतं. डीलरकडे आपल्या मॉडेलसाठी चौकशी जरूर करावी.

४) दुसऱ्या गाडीतून काढलेलं जुनं इंजिन. ब्लॉकला चीर गेली किंवा रॉड बाहेर आला, तर बहुधा हीच वाट उरते. काम लवकर होतं, पण फसवणूकही इथंच जास्त. म्हणून पुढचा भाग नीट वाचावा.

जुनं इंजिन घेताना

शक्यतो गाडीतून काढण्याआधी, गाडीवरच चालू करून पाहावं. इंजिन थंड असताना जावं. आधीच गरम करून ठेवलेलं असेल तर दुसऱ्या दिवशी यावं. धूर, आवाज, ऑईलचा दाब ही वरचीच परीक्षा इथं लावावी. काढून ठेवलेलं असेल तर हातानं पूर्ण दोन फेरे फिरवून पाहावं आणि ऑईल चेंबर उतरवायला सांगावं. तळाशी चकाकणारा धातूचा चुरा दिसला तर सौदा तिथंच सोडावा. ब्लॉकवर वेल्डिंगचे डाग किंवा ताजा रंग असेल तर कारण विचारावं.

इंजिनाचा नंबर स्वतः वाचावा. तो घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला दिसला, तर इंजिन फुकट मिळालं तरी घेऊ नये. चोरीचा माल आपल्या दारात आला, की निस्तरणंही आपल्यालाच लागतं. ज्या गाडीतून इंजिन काढलं तिच्या आरसीची प्रत, मालकाचं लिहून दिलेलं पत्र आणि पक्कं बिल घ्यावं. बिलावर इंजिन नंबर आणि हमीचे दिवस लिहून घ्यावेत.

पंप, टर्बो, स्टार्टर, अल्टरनेटर, फ्लायव्हील यांसह काय मिळणार तेही आधीच ठरवावं. हे सगळं वेगळं घ्यायला गेलं, तर स्वस्त इंजिन महागात पडतं.

मेळ जमला पाहिजे

नावानं एकच असलेल्या गाडीत वेगवेगळ्या काळात वेगवेगळी इंजिनं आलेली आहेत. जुन्या इंजिनाचा डिझेल पंप साधा, यंत्रावर चालणारा. नंतरच्या कॉमन रेल इंजिनाला संगणकाची पेटी, सेन्सर आणि वेगळं वायरिंग लागतं. एकाच्या जागी दुसरं घालायला गेलं की खर्चाला अंत राहत नाही. धुराचे नियमही बदलले. १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं. आपल्या आरसीवर जो टप्पा आहे त्याच टप्प्याचं, त्याच कंपनीचं आणि त्याच प्रकारचं इंजिन घ्यावं. पूर्वी आपल्याकडे पेट्रोल जीपला डिझेल इंजिन चढवत. आता वेगळ्या प्रकारचं इंजिन बसवायचं असेल तर परवानगी हातात आल्याशिवाय कामाला हात लावू नये.

जुनं इंजिन कशानं गेलं?

हा प्रश्न सुटल्याशिवाय दुसरं इंजिन बसवणं म्हणजे दुखणं हल्याला आणि इंजेक्शन पखालीला. आपल्या भागात कारणं बहुधा चार.

पहिलं, बोअरचं जड पाणी. पाणी तापवायच्या बंबात पांढरा थर धरतो, तसाच थर रेडिएटरच्या नळ्यांत आणि इंजिनाच्या पोटात धरतो. उन्हाळ्यात पारा चाळिशीपलीकडे गेला की गाडी तापते, हेड वाकतं, पॅकिंग जळते. रेडिएटरमध्ये कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटरच घालावं. अडचणीच्या वेळी निदान गाळलेलं पावसाचं पाणी चालेल.

दुसरं, रेडिएटरच्या जाळीत बसलेली धूळ, भुसकट आणि कापसाचा तूस. हवाच जात नाही. जाळी आतून बाहेर अशी, कमी दाबाच्या पाण्यानं धुवावी.

तिसरं, थर्मोस्टॅट काढून टाकणं. “गाडी तापते, काढून टाका” हा सल्ला सर्रास दिला जातो. तो चुकीचा आहे. थर्मोस्टॅट नसला की इंजिन योग्य उष्णतेला येत नाही आणि झीज वाढते. मूळ दोष तसाच राहतो.

चौथं, जादा भार आणि ऑईलची हेळसांड. २००५ साली बाजारात आलेला टाटा एस, आपला ‘छोटा हत्ती’, दोन सिलिंडरचा, ७०२ सीसीचा, पाऊण टनाच्या मापाचा. त्यावर दीड टन हळद लादली तर तो ओढेल, पण आयुष्य घालवून ओढेल.

कागदपत्रं

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदलाची नोंद आरसीवर होणं जरूर आहे. आधी मंजुरी घेऊन काम करावं हे उत्तम. मंजुरीशिवाय इंजिन बदललं गेलं असेल, तर बदलल्यापासून १४ दिवसांच्या आत परिवहन कार्यालयाला कळवावं लागतं. आपल्या जिल्ह्यातल्या लोकांसाठी हे कार्यालय परभणीला आहे. अर्ज परिवहन खात्याच्या संकेतस्थळावरूनही भरता येतो. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची किंवा फायनान्सवाल्यांची लेखी संमती घ्यावी. नवा नंबर विमा कंपनीलाही लेखी कळवावा. नाहीतर अपघातानंतर नंबर जुळत नाही म्हणून दावा अडतो.

बसवताना आणि बसवल्यावर

इंजिन खाली आहे तोवर क्लच प्लेट, मागचं ऑईल सील, वॉटर पंप, टायमिंग बेल्ट (असल्यास), होज पाइप आणि इंजिनाचे रबर फाउंडेशन तपासून गरजेप्रमाणे बदलावेत. नंतर यासाठी पुन्हा इंजिन उतरवलं तर मजुरी दुप्पट. रेडिएटर स्वच्छ करूनच जोडावा. डिझेल बंद ठेवून स्टार्टरनं इंजिन थोडं थोडं फिरवावं, ऑईलचा दाब आला की मगच चालू करावं.

नव्यानं बांधलेलं इंजिन पहिले हजार किलोमीटर अर्ध्या भारावर, मध्यम वेगानं चालवावं. तासन्‌तास उभ्यानं चालू ठेवू नये. हजार किलोमीटरला ऑईल आणि फिल्टर बदलावा.

श्रोत्यांचे नेहमीचे प्रश्न

प्रश्न : इंजिन बसल्याचा खर्च विम्यातून मिळतो का?
उत्तर : साध्या विम्यात यंत्राचा बिघाड धरलेला नसतो. इंजिनाची जादा जोड घेतली असेल तर पॉलिसीच्या अटी वाचाव्यात. पुराच्या पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा चालू करून पाहू नये, टोचन करूनच आणावी.

प्रश्न : वाटेत गाडी तापली तर काय करावं?
उत्तर : भार असला तरी थांबावं. झाकण लगेच उघडू नये, अंग भाजतं. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नये, हेडला चीर जाते. इंजिन पूर्ण निवल्यावरच पाणी घालावं आणि गळती कुठं आहे ते शोधावं.

प्रश्न : मिस्त्री जुने भाग परत देत नाही. मागावेत का?
उत्तर : जरूर मागावेत. पैसे दिले ते भाग आपले. जुनी बेअरिंग, पिस्टन पाहिले की इंजिन कशानं गेलं तेही कळतं.

लक्षात ठेवा

• आधी तपासणी, मग खर्चाची मर्यादा, मग सौदा.
• क्रँक आणि बोअरची मापं लेखी घ्या.
• नंबर आणि बिल नसलेलं इंजिन स्वस्त नव्हे, ते संकट.
• बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये नको.
• इंजिन बदलाची नोंद चौदा दिवसांत.

हे पत्रक घडी घालून गाडीच्या खणात ठेवावं आणि गावातल्या दुसऱ्या गाडीवाल्यालाही वाचायला द्यावं.