कुंपणाला फुलवा, बाटल्या जपून ठेवा!

परसातलं जाळीचं कुंपण दिसायला कुरूप, पण फुलं टांगायला त्याच्यासारखी जागा नाही. मी 2 लिटरच्या कोल्ड्रिंकच्या बाटल्या आडव्या धरून वरच्या बाजूला खिडकी कापते, खाली तापलेल्या खिळ्याने चार-पाच भोकं पाडते आणि बाइंडिंगच्या तारेने जाळीला आवळते. सुतळी नकोच. माझी पहिली अख्खी रांग पावसाळ्यात सुतळी कुजून खाली आली होती!

मातीचं मात्र ऐका. नुसती लाल माती भरली तर बाटली लोंबते आणि वाळली की आत वीटच होते. निम्मं कोकोपीट घ्या, उरलेल्यात माती नि गांडूळखत.

वरचं पाणी खाली झिरपतं, त्यामुळे वरची रांग आधी सुकते, खालची ओलीच राहते. म्हणून वर चिनी गुलाब, म्हणजे आपलं ऑफिस टाइम. त्याच्या जाड पानांत पाणी साठतं, कोवळी फांदी नुसती खोचली तरी जगते. ऊन चढलं की फुलतं, ढगाळ दिवशी रुसून बसतं. मधे सदाफुली. खाली पावसाळ्यात बुटका तेरडा, म्हणजे गौरींनाही घरचीच फुलं. पिटुनिया दिवाळीच्या सुमारास लावा, मे महिन्याचं ऊन त्याला झेपत नाही.

उन्हाने बाटल्या ठिसूळ होतात, तडकलेली लगेच बदला. आणि ऑफिस टाइम विकत आणू नका, शेजारी मागा. कोणी नाही म्हणत नाही.